चयापचयाचं जाळं पडद्यावर कसं वाचायचं? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा ई. कोलाय या जीवाणूच्या चयापचयाचं संपूर्ण मॉडेल, म्हणजे त्याच्या सगळ्या अभिक्रियांची गणिती यादी, सायटोस्केप या जाळी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तेव्हा पडद्यावर जे दिसलं ते न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखं होतं. तरी मी मोठ्या अभिमानानं ते सेमिनारमध्ये दाखवलं. मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "यात ग्लुकोज कुठंय?" मला सांगता आलं नाही. झूम करून शोधायला लागलो, तर लॅपटॉपनंच मान टाकली.

ही फजिती बहुतेकांची होते, कारण सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. आधी मोठं मॉडेल उतरवायचं, मग ते दाखवू शकेल असं सॉफ्टवेअर शोधायचं, आणि चित्र कशासाठी काढतोय हा विचार सगळ्यात शेवटी. इथे आपण उलट जाऊ. एक छोटं मॉडेल, एक साधा प्रश्न, आणि त्याला पुरेल एवढंच सॉफ्टवेअर. प्रश्न असा: साखर खाऊन वाढणाऱ्या ई. कोलायचा ऑक्सिजन बंद केला, तर पेशीच्या आत नेमकं काय बदलतं?

या लेखासाठी प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. ब्राउझर आणि दोन तास पुरेत.

आधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

चयापचय या शब्दातच नकाशाचे दोन भाग आहेत: चय म्हणजे जोडणं, अपचय म्हणजे तोडणं. ग्लुकोज तुटून ऊर्जा आणि सुटे भाग मिळतात, त्याच भागांतून पेशी स्वतःला बांधते. प्रत्येक पायरी म्हणजे एक अभिक्रिया, आणि ती घडवून आणणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम. एका अभिक्रियेतून बाहेर पडलेला रेणू दुसरीत जातो, म्हणून त्याचं जाळं होतं.

हे जाळं कागदावर आणायची खटपट संगणकाआधीची आहे. लीड्स विद्यापीठातल्या डोनाल्ड निकल्सन यांनी १९५५ च्या सुमारास चयापचयाचा तक्ता काढला, आणि पुढे जगभरच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर असे तक्ते लागले. ते आजही पाहावेत. हातानं काढणारा माणूस एक गोष्ट न सांगता करतो: पाणी, ऊर्जा वाहून नेणारा एटीपी, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा एनएडीएच असले रेणू तो प्रत्येक पायरीपाशी छोट्या अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहितो. एका ठिकाणी मोठा एटीपी काढून सगळ्या रेषा तिथे ओढत नाही.

दुसरी गोष्ट हीच. एटीपी, एडीपी, पाणी, हायड्रोजन आयन, एनएडी हे रेणू म्हणजे पेशीतले सुटे पैसे. आठवडी बाजारात दहाची एकच नोट भाजीवाल्याकडून न्हाव्याकडे आणि तिथून चहाच्या टपरीवर गेली, म्हणून त्या तिघांचा धंदा एकमेकांशी जोडलेला आहे असं आपण म्हणत नाही. संगणक मात्र तसंच म्हणतो. एटीपीचा एकच ठिपका काढला की शेकडो अभिक्रिया त्याला येऊन चिकटतात. माझ्या सेमिनारमधला गुंता तोच होता. तेव्हा गुंता दिसला तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी या रेणूंचं काय केलंत ते तपासा.

पायरी १: छोटं मॉडेल निवडा

ई. कोलायचं २०१७ साली प्रसिद्ध झालेलं मोठं मॉडेल, आयएमएल १५१५, यात २,७१२ अभिक्रिया आणि १,८७७ रेणू आहेत. आपल्याला ते नको. त्याच घराण्यातलं शिकवण्यासाठी बनवलेलं 'ई. कोलाय कोअर' मॉडेल घ्या: ९५ अभिक्रिया, ७२ रेणू, १३७ जनुकं. ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडण्याचा मुख्य रस्ता), पेंटोज फॉस्फेट मार्ग (त्याच्या बाजूची गल्ली), क्रेब्ज चक्र आणि श्वसनसाखळी (ऑक्सिजन असताना ऊर्जा काढणारे भाग) आणि किण्वनाचे, म्हणजे ऑक्सिजनशिवायचे मार्ग, एवढं सगळं त्यात आहे आणि एका पडद्यावर मावतं. ही मॉडेलं सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं चालवलेल्या 'बिग' नावाच्या संग्रहात मिळतात. पण आज उतरवून घ्यायचीही गरज नाही, पुढच्या पायरीतलं साधन ते घेऊनच येतं.

पायरी २: एशर-एफबीए उघडा

एशर हे ब्राउझरमध्ये चालणारं, मोफत साधन याच गटातून २०१५ मध्ये आलं. शोधताना रोमन लिपीतलं स्पेलिंग ई-एस-सी-एच-ई-आर असं आहे, एम. सी. एशर या चित्रकाराच्या आडनावासारखंच. २०१८ मध्ये त्याची एक शाखा आली, एशर-एफबीए. एफबीए म्हणजे फ्लक्स बॅलन्स अॅनालिसिस, प्रवाहांचं गणित. तिच्यात नकाशा आणि हे गणित एकाच पानावर आहेत. नवख्या माणसाला मी आधी हीच दाखवतो, कारण बाण दाबला की आकडा लगेच हलतो.

पान उघडलं की कोअर मॉडेलचा नकाशा समोर येतो. गोल ठिपके म्हणजे रेणू, बाण म्हणजे अभिक्रिया. बाणाची जाडी आणि रंग त्या अभिक्रियेतून वाहणारा प्रवाह सांगतात: बारीक राखाडी म्हणजे जवळपास काही नाही, जाड लाल म्हणजे धो-धो. या प्रवाहाला फ्लक्स म्हणतात. त्याचं एकक मिलिमोल, दर ग्रॅम कोरड्या पेशीवजनामागे, दर तासाला. एकदा नीट वाचा, पुन्हा लिहिणार नाही.

खाली कोपऱ्यात सध्याचं उद्दिष्ट आणि त्याचा आकडा दिसतो. उद्दिष्ट आहे पेशीची वाढ, आणि आकडा ०.८७४ च्या आसपास. म्हणजे तासाला ०.८७४ इतका वाढीचा वेग. मॉडेलला दर तासाला कमाल १० एकक ग्लुकोज घ्यायची मुभा आहे आणि ऑक्सिजन हवा तेवढा. गणित एवढंच करतं की या मर्यादांत राहून जास्तीत जास्त वाढ कशी होईल ते शोधतं. खऱ्या पेशीनं तसंच वागावं असा नियम नाही. आकडा बघताना हे विसरायचं नाही.

आता पाच मिनिटं काहीही न करता नुसतं वाचा. वर ग्लुकोज आत येतं. तिथून खाली ग्लायकोलिसिस, बाजूला पेंटोज फॉस्फेट मार्ग, खाली गोल फिरणारं क्रेब्ज चक्र. माणसं हे टाळतात आणि थेट बटणं दाबायला लागतात. मग काय बदललं ते कळत नाही, कारण आधी काय होतं ते पाहिलेलंच नसतं.

पायरी ३: ऑक्सिजन बंद करा

पेशीच्या बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणाऱ्या अभिक्रियांची नावं 'ईएक्स' या अक्षरांनी सुरू होतात. इथे चिन्हाचा एक घोळ आहे, तो आधीच सांगतो: या अभिक्रियांत उणे आकडा म्हणजे पेशी तो पदार्थ आत घेते आहे, अधिक आकडा म्हणजे बाहेर टाकते आहे. ग्लुकोजपाशी उणे १० दिसलं तर काही बिघडलेलं नाही.

ऑक्सिजनची ईएक्स अभिक्रिया शोधा आणि तिच्यावर कर्सर न्या. एक छोटी चौकट उघडते: खालची मर्यादा, वरची मर्यादा, आणि 'नॉकआउट' असं बटण. सुरुवातीला ऑक्सिजनचा आकडा उणे २१.८ च्या जवळ असतो. नॉकआउट दाबा.

वाढ ०.८७४ वरून ०.२१२ वर येते. पण आपण चित्र काढतोय ते एवढ्यासाठी नाही, हा आकडा तर एका ओळीतही मिळाला असता. नकाशाकडे बघा. क्रेब्ज चक्राचे जाड बाण बारीक झालेत. कडेला जिथे काहीच नव्हतं तिथे तीन बाण जागे झालेत: फॉर्मेट सुमारे १७.८, ॲसिटेट ८.५, इथेनॉल ८.३. पेशी किण्वनावर गेली.

इथे थोडा हिशोब करून बघा, कागदावरच. ग्लुकोजच्या एका रेणूत ६ कार्बन, म्हणजे १० एकक ग्लुकोजमागे ६० कार्बन आत. फॉर्मेटमध्ये १ कार्बन, ॲसिटेट आणि इथेनॉलमध्ये प्रत्येकी २. गुणाकार करा: १७.८ अधिक १७ अधिक १६.६, म्हणजे साठातले ५१ च्या वर कार्बन कचरा म्हणून बाहेर गेले. ऑक्सिजन असताना कार्बन डायऑक्साइड होऊन सुमारे २२.८ गेले होते, उरलेले ३७ पेशी बांधायला लागले. वाढ का घसरली याचं उत्तर तुम्ही आता बाणांवरून वाचलंत. मला विचाराल तर जाळं 'दिसणं' म्हणजे हे.

आणखी एक गंमत आहे. एटीपी सिंथेज हे विकर शोधा. ऑक्सिजन असताना त्याचा आकडा ४५.५, आता उणे ५.५ च्या जवळ. म्हणजे एटीपी बनवणारं यंत्र उलटं फिरतंय, एटीपी खर्च करून हायड्रोजन आयन बाहेर ढकलतंय. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा बग वाटतो. तो बग नाही, जीवाणू हे खरोखर करतात.

पायरी ४: एकेक बाण तोडून बघा

'रिसेट' दाबून मूळ स्थितीला या. आता ग्लायकोलिसिसमधली फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, नकाशावर 'पीएफके', नॉकआउट करा. पाठ्यपुस्तक तिला ग्लायकोलिसिसचा मुख्य नळ म्हणतं, त्यामुळे पेशी मरेल असं वाटतं. वाढ फक्त ०.७०४ पर्यंत उतरते. बघा, सगळी वाहतूक पेंटोज फॉस्फेट मार्गानं वळली. मुख्य रस्ता खोदला की रिक्षावाले गल्लीतून जातात, तसंच.

मग थोडं खाली जाऊन इनोलेज ही अभिक्रिया तोडा. आता वाढ शून्यावर किंवा थेट 'उत्तर शक्य नाही' अशा अर्थाचा संदेश. तिला वळसा नाही. नंतर सायटोक्रोम ऑक्सिडेज, नकाशावर 'सीवायटीबीडी', तोडा. वाढ ०.२१२. हा आकडा ओळखीचा वाटला? ऑक्सिजन बंद केल्यावर हाच होता. ऑक्सिजन वापरणारा शेवटचा दरवाजाच काढला तर बाहेर ऑक्सिजन असून उपयोग काय.

दर वेळी एकच बदल करा, आकडा वहीत लिहा, रिसेट करा. मी शिकवताना पाहतो, मुलं चार बाण सलग तोडतात आणि मग कोणामुळे काय झालं यावर वाद घालत बसतात.

साखरेऐवजी दुसरं अन्न, उदाहरणार्थ क्रेब्ज चक्रातला सक्सिनेट हा रेणू, द्यायचं असेल तर आधी सक्सिनेटच्या ईएक्स अभिक्रियेची खालची मर्यादा उणे १० करा, मगच ग्लुकोजची शून्य करा. उलट क्रमानं केलंत तर मधल्या क्षणी पेशीला खायलाच काही नसतं. सक्सिनेटवर वाढ ०.३९८ येते. आणि याच्यावर ऑक्सिजनही बंद केलात तर मॉडेल मेलं. का, ते तुम्हीच नकाशावर शोधा.

पायरी ५: तुलना एका चित्रात आणा

आता साधा एशर उघडा. पहिल्या पानावर जीव, नकाशा, मॉडेल आणि 'बिल्डर' किंवा 'व्ह्यूअर' निवडायला मिळतं. बिल्डर घ्या. नकाशात तोच कोअर चयापचय.

एक्सेलमध्ये तीन स्तंभांचा तक्ता करा: अभिक्रियेचं नाव, ऑक्सिजनसह, ऑक्सिजनशिवाय. पहिली ओळ शीर्षकांची. वहीतले सात-आठ आकडे पुरेत. उदाहरणार्थ पीएफके ७.४८ आणि ९.७९, पायरुव्हेट डिहायड्रोजनेज ९.२८ आणि ०. पायरुव्हेट फॉर्मेट लायेज ० आणि १७.८, सिट्रेट सिंथेज ६.०१ आणि ०.२३. नावं मात्र नकाशावर आहेत तशीच, रोमन लिपीत, मोठ्या-लहान अक्षरांसकट. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा तक्ता) म्हणून ठेवा आणि 'डेटा' मेनूतून अभिक्रियांचा डेटा म्हणून चढवा.

दोन आकडे दिले की एशर त्यांची तुलना दाखवतो. सेटिंगमध्ये तीन पद्धती आहेत: पटीतला फरक, त्याचा लॉग, आणि सरळ वजाबाकी. इथे वजाबाकीच निवडा. आपल्या तक्त्यात शून्यं आहेत आणि शून्यानं भागाकार कोणालाच जमत नाही. त्याच ठिकाणी रंग आणि जाडी ठरवताना चिन्ह सोडून द्यायचं की नाही हेही ठरवता येतं. चिन्ह सोडलंत तर एटीपी सिंथेज उलटं फिरतंय हे चित्रातून गायब होईल.

रंगांबद्दल एक हट्ट. लाल-हिरवी जोडी वापरू नका. पुरुषांत दर बारा-पंधरा जणांमागे एखाद्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि तुमचा परीक्षक त्यातला असू शकतो. निळा-नारिंगी घ्या. प्रिंट काळा-पांढरा निघाला तरी जाडीवरून कळायला हवं.

सेटिंगमध्ये दुय्यम रेणू लपवायची सोय आहे. सुटे पैसे गेले की नकाशा किती मोकळा होतो ते बघा. ऊर्जेविषयी बोलायचं असेल तर मात्र ते परत आणा.

मग सायटोस्केप कधी?

एशरच्या तयार नकाशात तुमचा जीव किंवा मार्ग नसेल, किंवा प्रश्नच जाळ्याच्या रचनेचा असेल (कोणता रेणू सगळ्यात जास्त अभिक्रियांत येतो, कोणता भाग तुटून वेगळा पडलाय) तेव्हा सायटोस्केप. २००३ पासून आहे, मोफत आहे, स्वतःच्या संगणकावर बसवावं लागतं. मॉडेलची एसबीएमएल फाइल (मॉडेलं साठवायचं एक प्रमाण रूप) वाचायला त्यात एक जोडअॅप टाकावं लागतं. पण पहिल्यांदा तेही नको. एक्सेलमध्ये तीन स्तंभ करा: कुठून, नातं, कुठे. 'ग्लुकोज–लागतो–हेक्सोकायनेज', 'हेक्सोकायनेज–देतो–ग्लुकोज-६-फॉस्फेट', असं दहा-पंधरा ओळींत ग्लायकोलिसिस लिहा आणि आयात करा. रेणू आणि अभिक्रिया असे दोन प्रकारचे ठिपके ठेवा, एकाला गोल, दुसऱ्याला चौकोन. नुसते रेणू रेणूंना जोडलेत तर कोणत्या विकरामुळे ते जोडले गेले हे हरवतं.

मोठं जाळं आणलंत तर आधी 'अॅनलाइझ नेटवर्क' चालवा, प्रत्येक ठिपक्याला किती रेषा आहेत ते मोजून येईल. त्या स्तंभावर उतरता क्रम लावा. वरच्या दहा-बारात पाणी, हायड्रोजन आयन, एटीपी आणि मंडळी बसलेली दिसतील. त्यांना निवडून काढा आणि मगच मांडणी करा. काय काढलं त्याची यादी ठेवा, ती चित्राखाली लिहावी लागते.

केगचं नाव मी अजून घेतलं नाही. क्योटो विद्यापीठात १९९५ मध्ये मिनोरू कानेहिसा यांनी सुरू केलेला हा जनुकांचा आणि चयापचय मार्गांचा संग्रह. भारतातल्या बहुतेक एम.एस्सी.च्या मुलांना चयापचय म्हटलं की त्याचेच चौकोनी खोक्यांचे नकाशे आठवतात. ग्लायकोलिसिसचा नकाशा क्रमांक ०००१०. तुमच्याकडे जनुकांची यादी असेल आणि 'ही कोणकोणत्या मार्गांत येतात' एवढंच बघायचं असेल, तर केग मॅपरमध्ये यादी चिकटवून खोकी रंगवणं हा सगळ्यात झटपट रस्ता. पण मांडणी तुम्हाला हलवता येत नाही, आणि तो नकाशा अनेक जीवांचा मिळून काढलेला आहे. जे खोकं दिसतंय ते तुमच्या जीवात असेलच असं नाही. जीवाचा कोड निवडा, ई. कोलायचा 'ईसीओ', म्हणजे त्यातली खोकी रंगतात.

जिथे हमखास घसरतात

नावं जुळत नाहीत. केगमध्ये एटीपी म्हणजे सी००००२, बिगमध्ये त्याचं नाव वेगळं. एका संग्रहातला डेटा दुसऱ्याच्या नकाशावर चढवला की अर्धे बाण राखाडी राहतात आणि माणूस समजतो की प्रवाहच नाही. राखाडी म्हणजे 'शून्य' की 'माहिती नाही', हे प्रत्येक वेळी तपासा.

जनुकांची अभिव्यक्ती (कोणतं जनुक किती चालू आहे) बाणांवर रंगवली की ती प्रवाहासारखी दिसते. ती प्रवाह नाही. विकर भरपूर तयार झालं म्हणून त्यातून माल वाहतोच असं नाही. शिवाय एकाच अभिक्रियेला दोन जनुकं असू शकतात. पीएफकेचंच बघा. तिच्या दोन जनुकांपैकी एक काढलं तरी मॉडेलची वाढ तशीच राहते, कारण दुसरं काम सांभाळतं. दोन्ही काढली की ०.७०४.

आणि सक्सिनेट ते फ्युमरेट या टप्प्यावर कधी हजाराच्या घरातला लालभडक बाण दिसला, तर शोध लागल्याच्या आनंदात उड्या मारू नका. तिथे दोन अभिक्रिया एकमेकींच्या उलट आहेत, आणि गणित त्यांना गोल-गोल फुकट फिरवू शकतं. वाढीवर परिणाम शून्य. एकाच वाढीचे प्रवाह अनेक तऱ्हांनी मांडता येतात, तुमच्या पडद्यावर त्यातली एक तऱ्हा असते.

ठेवायचं काय

एशरमधून दोन फाइली काढा. नकाशाची जेसन फाइल, जी पुन्हा उघडून बदलता येते, आणि एसव्हीजी, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीटनेटकी करता येते. पीएनजी फक्त व्हॉट्सॲपवर गाइडना पाठवायला. सोबत ती सीएसव्ही, आणि एका मजकुराच्या फाइलीत चार ओळी: कोणतं मॉडेल, ग्लुकोज-ऑक्सिजनच्या मर्यादा किती, कोणते रेणू लपवले, तुलना कोणत्या पद्धतीनं. सहा महिन्यांनी परीक्षकानं शेरा मारला की लाल बाण नेमका किती जाड, तेव्हा त्या चार ओळी शोधाव्या लागतात. माझ्या पहिल्या गुंत्याच्या वेळी त्या नव्हत्या, त्यामुळे ते चित्र मला स्वतःलाही पुन्हा काढता आलेलं नाही.